भाऊजींचे आयोग

जगातलं कुठलंही बिघडलेलं राज्य खुशाल माझ्या भाऊजींच्या ताब्यात द्यावं. तिथं रक्ताचा थेंब सांडणार नाही, कोणी तुरुंगात जाणार नाही आणि कुठलंही काम होणार नाही, याची हमी मी घेते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याला जठारपेठेच्या मागच्या अंगाला एका जुन्या कॉलनीत राहतात. हयातभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडायचा हा विषय, पण तो मनावर घेणारा माणूस मी हा एकच पाहिला. वर्गात दोन पोरांची मारामारी झाली की ते कोणालाच शिक्षा करत नसत. त्या दोघांचीच समिती नेमून भांडणाची कारणं शोधायला लावत. पोरं म्हणत, छड्या द्या सर, पण समिती नको. निवृत्तीनंतर पोरं सुटली आणि विषय घरी आला.

सकाळी फाटकाशी उभं राहून ते पेपर वाचतात. बसून वाचलेला पेपर अंगी लागत नाही असं त्यांचं मत आहे. गल्लीतल्या चोरीची बातमी ते ओलांडून जातील, पण परदेशात कुठं लोक रस्त्यावर आले की यांचा चहा गार झालाच. गेल्या काही वर्षांत तर आपल्या शेजारच्या देशांनी त्यांची चंगळच केली. लोक राजवाड्यात घुसले, तिथल्या तलावात पोहले, सामान उचलून घरी नेलं, राज्यकर्ते मिळेल त्या विमानानं पळाले. आम्ही ही गंमत टीव्हीवर पाहत होतो, तर भाऊजी म्हणाले, "हे तं होतेच. खरी मजा पुढं हाय. आता आयोग नेमतीन." आणि खरंच नेमले. पोलीस सुधारायला एक, न्यायालयं सुधारायला एक, निवडणुकीला एक, घटनेला एक. भाऊजी हरखून गेले. लोक क्रिकेटच्या संघातली नावं घेतात तशी ते आयोगाच्या सदस्यांची नावं घेऊ लागले. एकदा मी अमरावतीहून जाऊन अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती, तर हे दारातच म्हणाले, "तिकडच्या घटना आयोगाले मुदतवाढ भेटली." चेहरा असा, की घरातलंच कोणी पास झालंय. मी म्हटलं, "अभिनंदन." त्यांनी ते स्वीकारलं.

घरात तर हे फार आधीपासून चालू होतं. फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवावा यावर त्यांनी ताईचं, सुनेचं आणि भांडी घासणाऱ्या बाईचंही म्हणणं ऐकून घेतलं होतं. तोवर फ्रिज पुठ्ठ्याच्या खोक्यात, बैठकीच्या मधोमध उभा. पाहुणे त्याला वळसा घालून बसत. शेवटी ताईनं दोन हमाल बोलावून तो स्वयंपाकघरात नेला, तेव्हा भाऊजी म्हणाले, "चाला, सहमती झाली."

अशा माणसाच्या दारात एक दिवस खरंखुरं बंड येऊन उभं राहिलं. भाऊजींच्या भिंतीला भिंत लागून नाना राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. दुसरं कोणी उभंच राहत नाही म्हणून नाना वर्षानुवर्षं कॉलनीचे अध्यक्ष होते. कॉलनीच्या सामाईक टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी त्यांच्याकडे असे, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात ती चावी ज्याच्याकडे तो राजा. नाना मनानं वाईट नव्हते, पण सकाळी रामराम घातला त्याच्याकडे पाणी धो धो, आणि ज्यानं लग्नाला बोलावलं नाही त्याच्याकडे करंगळीएवढी धार, असा त्यांचा कारभार होता. भाऊजींच्या घरी मात्र पाणी कधी कमी पडलं नाही. दोघं रोज संध्याकाळी भाऊजींच्या ओट्यावर चहा प्यायचे. भाऊजी परदेशातल्या हुकूमशहांना शिव्या घालायचे आणि नाना त्यात मनापासून सूर मिसळायचे.

त्या वर्षी मे महिन्यात बायकांचा संयम संपला. पुढाकार शमीमआपांनी घेतला. त्या कॉलनीतच ब्लाउज शिवतात, आणि निम्म्या कॉलनीची मापं त्यांना तोंडपाठ असल्यानं त्यांच्याशी वाकडं घ्यायला कोणी धजत नाही. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. सगळ्या बायका पिठाच्या परातीच घेऊन नानांच्या अंगणात शिरल्या, गोवऱ्यांचा जगरा पेटवला आणि त्या निखाऱ्यात कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजायला टाकले. बाजूला वांग्याची भाजी, वरण. आता वऱ्हाडात ज्याच्या अंगणात रोडग्याची पंगत बसते, त्याला ती उठवता येत नाही. रोडगे खायला आलेल्याला जा म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. नाना दारात उभे राहून नुसतेच पाहत राहिले. शमीमआपा म्हणाल्या, "नाना, आंगन तुमचं हाय, पयलं पान तुमचं." नानांनी रोडगा तुपात कुस्करून व्यवस्थित खाल्ला, दुसराही घेतला. हात धुतल्यावर आपा म्हणाल्या, "आता चाबी द्या." नाना म्हणाले, "राजीनामा घ्या. चाबी भेटत नाई." चावी पिशवीत घातली, कडीला कुलूप लावलं आणि रिक्षा करून स्टँडवर. थेट अमरावती, मुलीकडे. भाऊजींनी हे वर्णन मला इतक्या वेळा ऐकवलंय की विमानानं पळालेले ते दुसरे लोक मला आता किरकोळ वाटतात.

पंगत उठायच्या आत लोकांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, भाऊजी काळजीवाहू अध्यक्ष. ते निरुपद्रवी आहेत याबद्दल दुमत नव्हतं. दुसरी गोष्ट गंभीर होती. नानांचा नळ कायमचा कापायचा, सभासदांतून नाव काढायचं, पुन्हा कॉलनीत पाऊल ठेवू द्यायचं नाही. घर विकून जाऊ दे कुठं जायचं तिकडे. यात सगळ्यात मोठा आवाज कोपऱ्यावरच्या गावंड्यांचा होता. त्यांच्या मुलीच्या लग्नाला नानांचं आमंत्रण राहिलं होतं, आणि हळदीच्याच दिवशी त्यांच्याकडचं पाणी बंद झालं होतं. अंगाला हळद लावून बसलेल्या पोरीला शेजारच्या घरी आंघोळीला न्यावं लागलं. त्यांचा राग खोटा नव्हता. भाऊजी म्हणाले, "कापू ना. कापूच. पण पद्धतशीर कापू. आधी आयोग नेमू."

आणि मग जे सुरू झालं ते पाहायला मी मुद्दाम सुट्टी काढून अकोल्याला जायचे. पाणी आयोग, फाटक आयोग, गणपतीच्या मंडपाचा आयोग, कॉलनीचे नियम शोधण्यासाठी घटना आयोग, कारण असे काही नियम आहेत असं सगळ्यांनी ऐकलं होतं पण पाहिले कोणीच नव्हते. कुत्रे आयोगावर त्यांनी दोनच माणसं घेतली. एक, रोज गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या देशमुखबाई. दुसरे, त्यातल्याच एका कुत्र्यानं पोटरी धरली होती ते गृहस्थ. पहिल्या बैठकीला दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. पुढे पुढे बाई त्यांच्यासाठी डब्यात चकल्या आणू लागल्या. अहवाल आला नाही, पण ते गृहस्थ आता संध्याकाळी पोळ्यांची परात धरून बाईंच्या मागे हिंडतात. पाणी आयोगाची वेगळीच तऱ्हा. चावी कोणाकडे असावी यावर तिथं साक्षी चालू असताना शमीमआपांनी वेल्डरकडून दुसरी चावी करून आणली आणि टाकीवर कोळशानं घराघराची पाळी लिहून टाकली. पाणी सगळ्यांना सारखं मिळू लागलं. ही गोष्ट आयोगाला कोणी कळवली नाही, उगाच त्यांचा विरस व्हायचा.

नानांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून भाऊजींनी गावंड्यांनाच नेमलं. मी कपाळाला हात लावला. हे म्हणजे नानांचा नळ स्वतःच्या हातानं कापणं होतं. तिकडे अमरावतीत मी नानांना भेटून आले होते. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते खुर्ची टाकून बसले होते. जावई चांगला, मुलगी जीव टाकणारी, पण खाली वाकून पाहावं तर ओळखीचं एक डोकं दिसत नाही. "कापला का वं माहा नळ?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही अजून. आयोग बसलाय." त्यांनी मान फिरवली. भाऊजींबद्दल एक शब्द विचारला नाही, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

म्हणून मी ताईजवळ चिडचिड केली. म्हटलं, यांना खुर्ची गोड लागलीय आणि तिकडे म्हातारा झुरतोय, काय तो निकाल लावून टाका एकदाचा. ताई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू बी बाप्पा भोयीभाबडीच हायेस. आज निकाल लागला तं काय लागंन? कापा म्हणतीन सारे. म्हणूनच तं ते लावून नाई राहिले." मग तिनं मला सांगितलं की गावंड्यांच्या आयोगाला भाऊजींनी एकच अट घातली होती. नानांविरुद्ध तक्रार करणाऱ्यानं आधी नानांची एक बरी गोष्ट सांगायची. सांगता आली नाही तर आठवेपर्यंत घरी जायचं, पुढच्या बैठकीला यायचं. आणि अध्यक्ष या नात्यानं पहिली साक्ष गावंड्यांची स्वतःची. ते तीन बैठका गप्प बसले. चौथ्या बैठकीला म्हणाले, बापाला लकवा मारला तेव्हा नानानं पाठीवर घेऊन दवाखान्यात नेला होता. एवढं बोलून त्यांनी बैठक तहकूब केली आणि आत जाऊन बसले. मला त्या दिवशी भाऊजींबद्दल जे वाटलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण ते ऐकून त्यांनी माझ्यावरही एखादं काम सोपवलं असतं.

पावसाळा लागेपर्यंत लोकांचा राग साक्षी देऊन देऊन पातळ झाला. गावंड्यांनीच येऊन सांगितलं, येऊ द्या त्याला, पाणी मात्र पाळीनं घ्यावं लागेल. श्रावणात नाना परत आले. रिक्षातून उतरून त्यांनी पिशवीतली चावी शमीमआपांपुढे धरली. आपा म्हणाल्या, "राहू द्या नाना, आमच्याजवळ हाय." नाना ओशाळं हसले, लोकही हसले, गावंड्यांनी बॅग उचलून आत नेली. भाऊजी आपल्या ओट्यावर उभे होते. त्या संध्याकाळी ताईनं दोन कप चहा केला. नाना आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. रस्त्यात भेटले तर नाना चप्पल पाहत पुढे जात. ताई मला फोनवर म्हणाली, ज्याच्यासाठी एवढं केलं तोच बोलत नाही. भाऊजी आता पेपरही घरात बसून वाचतात.

शेवटी भाऊजींनी मला बोलावून घेतलं आणि घसा खाकरून म्हणाले, "तुह्या एकटीचा आयोग नेमून राहिलो. त्याले इचार, काहून बोलत नाई." मी हसून म्हटलं, "स्वतःच विचारा ना." ते म्हणाले, "मले सांगनार नाई तो." तेव्हा माझं हसणं थांबलं.

मी नानांकडे गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. मला वाटलं खुर्चीचा विषय निघेल. म्हणून मीच सुरुवात केली, की भाऊजींनी हे सगळं तुमचं घर वाचावं म्हणून केलं. नाना म्हणाले, "मले मालूम हाय ते. गावंड्यानं सांगतलं. खुर्चीचं मले काई नाई." मग म्हणाले, "मी रिक्षात बसलो ना, तवा तो इथी पंगतीत बसून होता. माह्याकडं पायलं त्यानं. मले वाटलं, आता उठंन, थांब म्हनंन. थांबलो नसतो मी, पण म्हनंन तं खरी. तं तो वाढनारनीले वरण मागून राहिला होता." एवढंच सांगून ते आत गेले.

मी घरी येऊन भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. शब्द मऊ करायला जीभ वळेना. वाटलं, आता ते म्हणतील की दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणाले, "बराबर हाय त्याचं. मागतलं मी वरण." मग चपला घालून बाहेर पडले. ताई आणि मी खिडकीशी जाऊन उभ्या राहिलो, पण झाडाआड काही दिसलं नाही. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, जेवायची वेळ टळून गेली, तेव्हा ते परतले.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काई नाई. आत ये म्हनला नाई, जाय बी म्हनला नाई. मी पायरीवर बसलो, तो बाजीवर. बसलो दोघं."

"मग?"

"मंग काय," भाऊजी पानावर बसत म्हणाले, "उद्या पुन्हा जातो." ताईनं त्यांना भात वाढला आणि वरणाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते हातानं बाजूला केलं आणि भात ताकाशी खाल्ला.