सुभेदारांच्या मुलीची पत्रिका

मानिक चौकात भांड्यांच्या एका दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो. तो चढलं की आमचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांच्या पाट्या, सगळं आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणारे भैया. त्यांच्या घरात बुंदेली, माझ्या घरात मराठी, आणि दुकानात आमची दोघांची हिंदी.

आमचं घराणं कितीतरी पिढ्या झाशीतच आहे. घरी अजून कपाटाला फडताळ म्हणतात, पण वाक्य सुरू मराठीत होतं आणि संपतं कुठे ते देवाला ठाऊक. पुण्याहून पाहुणे आले की माझं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतात. तरीही जवळच्या बबीना छावणीतल्या मराठी बायकांमध्ये कुणीतरी पसरवलं, की मानिक चौकात एक बाई ‘ळ’ नीट छापते. मग फौजी कुटुंबं येऊ लागली. इतर ठिकाणी ‘सकाळी’चं ‘सकाली’ होऊन हात पोळलेली ही मंडळी होती.

अडचण होती ती तपासण्याची. भैया जुळणी करायचे, मी कागदावर छापून घ्यायची आणि स्कूटीवरून बबीनाला न्यायची. तिथे बाई म्हणायची, “छान आहे, पण सासऱ्यांना विचारावं लागेल.” सासरे असायचे सांगलीला. मग फोटो पाठवा, तो धूसर निघणार, मग फोनवर एकेक शब्द वाचा. शिवाय सगळ्या पत्रिका आमच्या त्या एकाच जुन्या कॉम्प्युटरमध्ये कोंबलेल्या.

माझी धाकटी बहीण नागपूरला सॉफ्टवेअरच्या कामात आहे. गणपतीला आली तेव्हा दुकानात तासभर बसली आणि माझ्यावर ओरडलीच.

“ताई, हे मशीन उद्या बंद पडलं तर?”

“दुरुस्त करू.”

“आणि आतलं सगळं गेलं तर?”

दोन दिवसांत तिनं सगळं काम क्लाउडवर चढवलं. म्हणजे फाइल आता आमच्या टेबलावरच्या डब्यात राहणार नव्हती. ती दूरच्या मोठ्या सर्व्हरवर राहणार, आणि आम्ही परवानगी देऊ तो माणूस ती कुठूनही उघडणार. दुकानात केबलची चांगली लाइन घेतली, आणि घरी सिव्हिल लाइन्समध्ये दुसऱ्या कंपनीची. “दोन्ही एकाच वेळी सहसा बंद पडणार नाहीत,” ती म्हणाली.

भैयांना हे मुळीच पटलं नव्हतं. “दीदी, अपनी चीज अपने घर में अच्छी,” ते म्हणत, आणि तेव्हापासून प्रत्येक फाइल गुपचूप पेनड्राइव्हवरही घेत. ते मला माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात बबीनाहून एक वहिनी आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, यजमान सुभेदार. धाकट्या मुलीचं लग्न गावी ठरलं होतं. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, “ताई, पत्रिका यांनी बघितल्याशिवाय छापायची नाही. साखरपुडा यांच्याविना झाला, थोरलीचं बारसंसुद्धा यांच्याविना झालं होतं. निदान पत्रिका तरी यांच्या नजरेखालून जाऊ दे.”

सुभेदारसाहेब तेव्हा उंच डोंगरावरच्या एका चौकीत होते. गुरुवारी खालच्या तळावर यायचे, तेव्हा अकरा ते बारा एवढाच वेळ त्यांना फोन आणि नेट मिळायचं. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबलो असतो, तर गावी पत्रिका वाटायला वेळ उरला नसता. म्हणून ठरलं, की या गुरुवारी अकराला त्यांनी आणि आम्ही एकाच वेळी फाइल उघडायची. वहिनी दुकानात येणार.

गुरुवारी सकाळी दहा वाजता दोन माकडं आमच्या गल्लीवरच्या तारांच्या जुडग्यावर भांडली. कशावरून ते त्यांनाच माहीत. एक खाली लोंबकळलं, दुसऱ्यानं त्याचं शेपूट धरलं, आणि वायर तुटून ठिणग्या उडाल्या. गल्लीत व्होल्टेज एकदम चढलं. आमच्या कॉम्प्युटरमधून जळका वास आला, इंटरनेटची केबल रस्त्यावर पडली, आणि माकडं धडधाकट अवस्थेत समोरच्या गच्चीवर जाऊन बसली.

भैयांनी बटण दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. मग हात टेकले. “दीदी, मशीन तो गई.”

“पेनड्राइव्ह आहे ना?” मी विचारलं.

ते खजील झाले. पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला होता. तोही गेला.

मग बहिणीचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, “चला घरी.” भैयांना स्कूटीवर मागे बसवलं आणि वहिनींना फोन केला, की बसमधून उतरून सरळ सिव्हिल लाइन्सची रिक्षा धरा. अकराला पाच कमी असताना माझ्या जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप सुरू झाला. मी पासवर्ड टाकला. पत्रिका जशीच्या तशी समोर, गणपतीच्या चित्रासकट. भैया खुर्चीच्या टोकावर बसून नुसते बघत राहिले.

वहिनी धापा टाकत आल्या, आणि तेवढ्यात फाइलच्या कोपऱ्यात सुभेदारसाहेबांचा हिरवा ठिपका उजळला; ते वाचतील त्या ओळीवर तो सरकणार होता. “आले!” वहिनी उभ्याउभ्याच म्हणाल्या.

आता ते तिथे फोनवर वाचत होते आणि आम्ही इथे बघत होतो. मुहूर्ताच्या वेळेवर खूण आली: ठीक. गावाच्या पत्त्यावर खूण: ठीक. मग थोरलीच्या तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडची ओळ आली. मी लिहून दिलं होतं, ‘माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ भैयांनी जुळवलं होतं, ‘यायचं है!’ इतक्या वेळा वाचूनही हे नजरेतून सुटलं होतं.

समासात सुभेदारसाहेबांची अक्षरं उमटली: ‘हे राहू द्या. नातू असंच बोलतो.’

वहिनी इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. मी भैयांना ते हिंदीत सांगितलं. “देखा दीदी,” ते म्हणाले, “हमने सही लिखा था!”

पावणेबारा झाले होते. ठिपका शेवटच्या ओळीवर, जिथे निमंत्रण देणाऱ्यांची नावं असतात तिथे बराच वेळ थांबला. मला वाटलं नेट गेलं. मग एकेक शब्द येऊ लागला: ‘माझं नाव वर नको. हिचं वर घ्या, माझं खाली. सगळं हिनंच केलंय.’

वहिनींनी वाचलं. पदरानं लॅपटॉपचा पडदा पुसला, जणू धूळ बसली होती. मग म्हणाल्या, “ताई, असं चालतं का पत्रिकेत?”

“तुमची पत्रिका आहे, चालेल.”

“गावात लोक बोलतील.”

“बोलू दे,” मी म्हटलं. “तुमच्याकडून काय लिहू त्यांना?”

त्यांनी मला टाइप करायला लावलं: ‘बरं. पण लग्नाला तरी या.’

‘रजा मंजूर आहे,’ उत्तर आलं. ‘आत्ताच कळलं. सांगणारच होतो.’ आणि ठिपका विझला. बारा वाजले होते.

मग आम्ही तिघांनी शेजारच्या गाडीवरचे गरम मंगोडे, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, आणून खाल्ले. ते खातानाच मला सुचलं. पत्रिकांचे गठ्ठे झाशीहून रेल्वेनं पाठवायचे कशाला? वहिनींच्या भावाला फोन लावून साताऱ्यातला एक छापखाना शोधला आणि त्यांना तीच फाइल उघडून दिली. पलटणीतल्या लोकांसाठीच्या पत्रिका झाशीत छापल्या, गावच्या साताऱ्यात. शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या छापखानेवाल्यांनी वाळत घातलेल्या पत्रिकांचा फोटो पाठवला. झाशीतून पाठवलेली पत्रिका एका दिवसात साताऱ्यात, हे पाहून मला लहान मुलीसारखा आनंद झाला.

त्यानंतर कामाची तऱ्हाच बदलली. बदली होऊन दूर गेलेली फौजी कुटुंबंही आता आमच्याकडूनच पत्रिका करून घेतात, आणि छपाई त्यांच्या जवळच्या गावात होते. भैयांनी नव्या मशीनला पेनड्राइव्ह लावलेला मी तरी पाहिलेला नाही.

सुभेदारसाहेब लग्नानंतर कंदी पेढे घेऊन दुकानात आले. उंच, मितभाषी, जिन्याच्या छताला डोकं आपटून घेणारे. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले आणि आंब्याच्या रोपांची नर्सरी काढली. तिची पाटी आम्हीच केली. ते साताऱ्यात, भैया मानिक चौकात, फाइल दोघांच्याही समोर उघडी, आणि फोनवर अर्धा तास वाद: आंब्याचं पान किती हिरवं असतं?

“साहब, पत्ता तो हरा ही होता है।”

“भैयाजी, पत्ते मेरे सामने हैं। आपके सामने माकड हैं।”

शेवटी सुभेदारांनी एक कोवळं पान तोडून त्याचा फोटो पाठवला. भैयांनी तो फोटो फाइलशेजारी ठेवला, रंग जुळवला आणि नाइलाजानं मान्य केलं, की कोवळं पान हिरवं नसतं, तांबूस असतं.