पिशवीवर न छापलेली अळी

कुत्र्यामांजरांचं खाणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशींचं काम असं, की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं. त्या कुत्र्यांना जेवू घालायच्या आणि कुत्रे काय म्हणतात ते लिहून ठेवायच्या. कारखान्याच्या मागच्या अंगाला चौदा कुत्र्यांच्या खोल्या होत्या. प्रत्येकापुढे दोन वाट्या मांडायच्या, एकीत जुनं खाणं, दुसरीत नवं. कुत्रा आधी कुठे तोंड घालतो, किती उरवतो, हे सगळं वहीत टिपायचं. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि त्यांच्या वहीत खाडाखोड सापडली नसती.

एके दिवशी खाण्याच्या कृती बनवणारा चष्मेवाला एक डबा घेऊन आला. डब्यात तपकिरी पीठ होतं.

"मावशी, हे अळ्यांचं. माशीच्या अळ्या पाळायच्या, वाळवायच्या आणि दळायच्या. कोंबडीच्या मांसाने ज्यांना खाज सुटते, त्यांना हे सोसेल असं वाटतंय."

मावशींनी नाक जवळ नेलं. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला. "मला काय विचारतोस? खाणाऱ्यांना विचारू."

चौदापैकी अकरा जणांनी अळीची वाटी चाटूनपुसून साफ केली. पण मावशींचं लक्ष होतं डाग्यावर. डाग्या नऊ वर्षांचा. खाजवून खाजवून पोटाची कातडी लालबुंद झालेली, शेपटीजवळचे केस गेलेले. दोन महिने त्याला फक्त अळीचं खाणं दिलं आणि त्याचं खाजवणं थांबलं. पाठीवर मऊ लव आली. मावशी रोज तिच्यावरून हात फिरवून बघायच्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनीही तसं लिहून दिलं.

मग बैठका सुरू झाल्या आणि तिथेच घोडं अडलं.

"खाणं उत्तम आहे," विक्रीसाहेब म्हणाले. "फक्त अळी हा शब्द पिशवीवर नको. लोकांना किळस येईल."

"पण खाणार कुत्रे आहेत," मावशी म्हणाल्या.

"विकत माणसं घेतात, मावशी."

"म्हणूनच म्हणते, मोठ्या अक्षरात लिहा. नंतर कळलं तर लोक अंगावर येतील."

"तुम्ही वाट्या मांडा. अक्षरांचं आम्ही बघतो."

सगळे हसले. पिशवीवर हिरवी पानं छापली गेली आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'विशेष प्रथिनं' असं आलं. पानांचा आणि त्या खाण्याचा काडीचाही संबंध नव्हता.

व्हायचं तेच झालं. चार महिन्यांत कुणीतरी खोदून विचारलं, उत्तर बाहेर फुटलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. वरच्या मजल्यावर घबराट उडाली. आठवड्याच्या आत ते खाणं बंद झालं. चष्मेवाला नोकरी सोडून तळ्यातल्या माशांचं खाद्य बनवणाऱ्यांकडे गेला; तिथे हेच अळ्यांचं पीठ वापरायचे. आणि कहर म्हणजे विक्रीसाहेबांनी अहवालात लिहिलं, 'चव-विभागाने धोक्याची पूर्वसूचना दिली नाही.' चव-विभाग म्हणजे मावशीच.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रारींचा गठ्ठा मागवून त्या स्वतः वाचायला बसल्या. सर्वात कडक म्हणून ज्या पत्राचा बोभाटा झाला होता, ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. पहिल्या पानावर नुसती खरडपट्टी. दुसरं पान गठ्ठ्यात चिकटून बसलं होतं. मावशींनी ते नखाने सोडवलं.

'माझ्या कुत्रीची खाज या खाण्याने थांबली. अळी असेना का, पण मला सांगा तरी. पिशवीवर खरं लिहा, मी हेच घेईन.'

मावशी ते पान घेऊन तडक विक्रीसाहेबांच्या खोलीत गेल्या.

"हे वाचलंत?"

साहेबांनी वरवर नजर टाकली. "निर्णय झालाय, मावशी."

"निदान डाग्यापुरतं तरी चालू ठेवा."

"बंद म्हणजे बंद."

तीन आठवड्यांत डाग्या पुन्हा पोट खाजवायला लागला. म्हाताऱ्या कुत्र्यांना घरी नेता यायचं. मावशींनी अर्ज केला आणि त्याला घरी आणलं. मग चष्मेवाल्याला फोन करून पीठ मागवलं.

"घेऊन जा हवं तेवढं," तो म्हणाला. "माशांच्या वतीने कुणी तक्रार करत नाही."

मावशी स्वयंपाकघरात उकडलेल्या रताळ्यात ते पीठ कालवत होत्या, तेव्हा नवऱ्याने दारातूनच विचारलं, "अगं, आपल्या भाजीचा चमचा नाही ना हा?"

"नाही हो. जेवा निवांत."

निम्मं पीठ पत्रावरच्या पत्त्यावर, त्या शिवणाऱ्या बाईंकडे जायचं. दोघी फोनवर कारखान्याच्या नावाने यथेच्छ बोटं मोडायच्या. तेवढाच जीव हलका व्हायचा.

वर्ष उलटलं. दुसऱ्या एका कंपनीने बाजारात पिशवी आणली. तिच्यावर बोटाएवढी अळी छापलेली आणि नावही 'अळी' असंच. पिशव्या भराभर खपू लागल्या. विक्रीसाहेबांनी तातडीची बैठक बोलावली, पिशवी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "आपल्याला हे का सुचलं नाही?"

मावशींनी कपाळाला हात लावला. "सुचलं होतं. तुम्ही बंद केलंत."

"जुनं उकरू नका. पहिल्यापासून चाचणी घ्या. तीन महिने."

"घेते. पण पिशवीवर अळी असं लिहायचं, हे आधी लिहून द्या."

"बघू."

"बघू नाही. लिहून द्या." मावशी खुर्चीतून हलल्या नाहीत. कुणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, शेवटी कागद ओढला आणि दोन ओळी लिहून सही केली.

बाहेर आल्यावर मावशींनी कागद उजेडात धरला. सगळं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्या तशाच मागे वळल्या आणि दार न वाजवता आत शिरल्या.