पेटी ढोलीत, पोरगी न्हाणीत

आमच्या ह्यांना काहीही फेकवत नाही. सायकलची फाटकी ट्यूब, वाकलेले खिळे, मिक्सरच्या वायरचा तुकडा, कुकरची निकामी शिटी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत जमा होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे, कामी पडते." आणि राग येतो तो याचा की ते खरंच कामी पडतं. कुलरची खडखड त्या ट्यूबच्या तुकड्यानं थांबली. कुकरची शिटी आमच्या फाटकाला लटकते आणि कोणी आलं की वाजते. अशा माणसाशी भांडायला बायकोनं तोंड तरी कुठून आणायचं?

पेटीत चांगली हत्यारंही होती. पक्कड, हातोडी, लहानमोठे पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, पाने, करवत, कानस. प्रत्येकाची मूठ हिरवी. दारांना लावून उरलेला रंग फेकवला नाही, म्हणून तो मुठींना लागला.

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीच्या गल्लीत हत्यारं विकत घ्यायची पद्धत नाही. एका घरी असली म्हणजे गल्लीची झाली. कोणी तरी येतं, चहा घेतं, धानावरच्या रोगाबद्दल बोलतं, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानाला नावं ठेवतं आणि उठता उठता म्हणतं, "भाऊ, पेचकस देता का जरासा?" हा 'जरासा' पुढच्या पोळ्यापर्यंत चालतो. नाही म्हणायची सोय नसते, कारण त्यांचं भाताचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, वर्षभर आमच्याच सैपाकघरात पडलेलं असतं.

अशी पेटी अर्धी रिकामी झाली तेव्हा ह्यांनी नवी हत्यारं आणली, त्यांच्याही मुठी रंगवल्या आणि जाहीर केलं की यंदा पेटी कोणाच्या नजरेस पडणार नाही. जागा शोधली ती ढोली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी, शेणामातीनं लिंपलेली आणि माणसाहून उंच. जुनं धान संपलं होतं, नवं यायचं होतं. विहिरीत बादली सोडावी तशी हे दोरीनं पेटी आत सोडायचे, दोरीचं टोक वर काठाला बांधायचे आणि काम पडलं की ओढून घ्यायचे. "ढोलीत कोण पाहते?" म्हणत स्वतःवर फार खूश होते.

त्याच दिवसांत आमच्या एकुलत्या एक पोरीला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाही तर यादीतला पुढचा माणूस तयारच होता. रविवारी सकाळची गाडी. आजवर ती आमच्याशिवाय मावशीकडेसुद्धा राहिलेली नव्हती.

ह्यांना बोलता येत नाही, पक्कड चालवता येते. त्या आठवड्यात त्यांनी तिच्या बॅगेची चेन, बॅगेची चाकं, छत्री, चपलेचा पट्टा असं सगळं दुरुस्त केलं. तिचं सामान संपल्यावर घराकडे वळले. न्हाणीची आतली कडी खुळखुळत होती, तिच्यात ट्यूबचा तुकडा ठोकून बसवला आणि पेटी परत ढोलीत सोडली. शनिवारी धान घरी आलं. हे शिडीवर उभे राहून एकेक पोतं ओतून घेत होते. मध्ये एक दोरी आड येत होती. "ही कोणं बांधली इथं?" असं म्हणत ह्यांनी स्वतःच ती सोडली आणि आत टाकली.

रविवारी पोरगी आंघोळीला गेली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "आई, कडी निघून नाई राहिली."

"जोर लाव ना!"

"लावला. कडीची मूठ माह्या हातात आली."

गरम पाण्याच्या वाफेनं म्हणा की ह्यांच्या कर्तबगारीनं म्हणा, ते रबर कडीत असं आवळून बसलं होतं की हलायला तयार नाही. "थांब बेटा, पेटी आणतो," म्हणत हे ऐटीत निघाले आणि ढोलीपाशी जाऊन उभेच राहिले. भरलेल्या ढोलीकडे बघून रडवेला झालेला शेतकरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"काऊन उभे आहा?"

"पेटी खाली आहे."

"कायच्या खाली?"

ह्यांनी धानाकडे बोट दाखवलं. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग हे शिडी लावून ढोलीत उतरले आणि कंबरेपर्यंत रुतले. एका हातानं उपसायचं तर दुसऱ्या हातानं खाजवायचं, धानाची कुसं काय कोणाला सोडतात? एकदा मोठ्यानं ओरडले, "दोरी सापडली!" मी देवाला हात जोडले. ह्यांनी सगळा जोर लावून ओढली. दोरी आली, पेटी नाही आली. गाठ ह्यांचीच होती.

इकडे मी स्टुलावर चढून न्हाणीच्या झरोक्याच्या गजांतून कंगवा दिला, चहाचा कप दिला.

"बाबा कुठं आहेत?"

"ढोलीत."

"ढोलीत काय करून राहिले?"

"तुले बाहेर काढून राहिले."

आतून ती खो खो हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "आई, गाडी जाईल का वं?" आमची गाडी गोंदियाहूनच सुटते, म्हणजे मागून उशिरा येण्याची आशाही करता येत नाही. मी स्टुलावरून उतरले, पदर खोचला, गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः ओरडले, "अवो, पेचकस आहे का कोणाकडं? पोरगी अडकली!"

गल्ली धावली. कोपऱ्यावरचे किराणावाले पेचकस घेऊन आले, "भाभीजी, टेन्शन मत लो." समोरच्या काकू हातोडी घेऊन आल्या. मागच्या घरचे भाऊजी कानस आणि पक्कड घेऊन आले, एकानं तर करवतही आणली. एकूण एक मूठ हिरवी. ढोलीच्या काठावरून ह्यांनी मान काढली आणि तो सगळा हिरवा बाजार बघून म्हणाले, "ते तं माही पक्कड आहे!"

"मंग? तुमचीच आहे," भाऊजी शांतपणे म्हणाले, "आम्ही कुठं नाई म्हणून राहिलो?"

बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या, हे नशीब. पण त्यांच्या स्क्रूंवरही ह्यांनी तोच हिरवा रंग चोपडला होता, त्यामुळे पेचकस बसायला खाचच सापडेना. काकूंनी खिळ्यानं रंग खरवडला, किराणावाल्यांनी पेचकस दाबला, भाऊजींनी पक्कडीनं पिळला. प्रत्येक जण दुसऱ्याला कसं करू नये ते सांगत होता. हे ढोलीतून सगळ्यांना सांगत होते. त्यांचं कोणीही ऐकत नव्हतं.

शेवटी दार चौकटीतून सुटलं आणि चौघांच्या अंगावर आलं. आत पोरगी वेणी घालून, रिकामा कप हातात धरून तयार उभी होती. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण खरं सांगते, इतका वेळ ती घरात अडकली होती, मी वर वर तणतणत होते आणि आत कुठंतरी मला ते बरं वाटत होतं.

ह्यांना दोघांनी काखेत हात घालून ढोलीतून उपसलं. किराणावाल्यांनी मालाचा टेम्पो काढला, आम्ही तिघं त्यात बसलो. केसांत धान, कानात धान, अशा अवताराचा बाप खाजवत खाजवत फलाटावर धावला आणि त्यानं बॅग डब्यात चढवली. चाकं मात्र मस्त फिरली. गाडी हलली तशी हे खिडकीचा गज धरून चालू लागले. काही तरी मोठं बोलायचं असावं. बोलले एवढंच, "रूमची कडी पाहून घेजो." पोरीनं मान हलवली. आम्ही तिघंही रडलो.

घरी आलो तर सगळी मंडळी आमची हत्यारं घेऊन आपापल्या घरी गेलेली. पक्कडसुद्धा.

होळीच्या सुमाराला धान खाऊन खाऊन पेटी वर आली. हे तिला पुसूनबिसून फाटकापासून पंख्यापर्यंत सगळं पुन्हा दुरुस्त करत बसले. न्हाणीचं दार केव्हाच बसवलं होतं, पण त्याला कडी नव्हती. भिंतीतला खिळा जरा वाकडा दिसला तरी ज्यांना चैन पडत नाही, त्यांना ते दिसत कसं नाही, असं मला वाटायचं. एका सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून विचारलंच, "सगळं करता, ह्याले कडी कायले नाई लावत?"

ह्यांनी पेटीतून डोकं वर काढलं नाही. "कोणापासून लावू? आता दोघंच तं आहो."

मी आंघोळीला गेले आणि दार नुसतं लोटून घेतलं.