तक्त्यापाशी उभी असलेली बाई

खरं तर हे सांगायचं नाही, असं मामांनी मला बजावलंय. पेशंटच्या गोष्टी दुकानाबाहेर जाऊ नयेत म्हणे. पण भूमला बाजारादिवशी आमच्या चष्म्याच्या दुकानात एकदा बसून बघा. जुन्या फ्रेमांनी ड्रॉवर भरतो ना, तसं डोकं भरून जातं.

आमची डोळे तपासायची खोली लई लहान. म्हणून अक्षरांचा तक्ता पेशंटच्या पाठीमागं टांगलाय आणि समोर आरसा लावलाय. तक्ता उलटा छापलेला आहे. आरशात तो सुलटा दिसतो. सोनारीच्या एका आजोबांनी तर पायताण बाहेर काढून आरशाला हात जोडले. मामांनी समजावलं, तेव्हा म्हणाले, "देव न्हाय व्हय? मग एवढा लख्ख पुसून कशाला ठेवलाय?"

पुसायची ती माझी मामी. नेहमीचं हिरवं लुगडं नेसून, तक्त्यापाशी उभी राहून विणकामाच्या सुईनं ती पेशंटला अक्षर दाखवायची. मला 'चिमणे' म्हणणारी ती एकटीच. मागच्या उन्हाळ्यात ती वारली. आता शाळा सुटल्यावर सुई मी धरते. दुपारी मात्र मामा एकटेच असतात.

*

तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात काम करणारे एक काका आहेत. त्यांचा एक डोळा काचेचा. मामांनी चुकून चांगलाच डोळा झाकला, तरी त्यांनी सगळी ओळ घडाघडा वाचली! पाठ केलीय का, असं मामांनी विचारलं.

हे मला काकांनीच चष्मा न्यायला आल्यावर सांगितलं. "म्या कशाला पाठ करू? बाई मागून हळूच सांगत हुत्या की."

तेव्हा मी शाळेत होते.

*

मग एक चौथीतली मुलगी आली. मोठी अक्षरं वाचली आणि मधेच गप्प झाली. दिसत नाही का, म्हटल्यावर म्हणाली, "काकूंचा हात आडवा येतोय."

मी तर दाराशी उभी होते. मामांनी मागं वळून तक्त्याशेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि म्हणाले, "जरा सरक."

मुलीनं पुढची ओळ वाचली. तिची आई हसली. मामा हसले नाहीत.

*

एसटीचे एक ड्रायव्हर जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, नवी बाई ठेवली का? लई शांत हाय."

लुगडं कसलं होतं, एवढंच मामांनी विचारलं. ड्रायव्हर म्हणाले, हिरवं.

त्या दिवसापासून शेवटचा पेशंट गेला की मामा त्या खुर्चीत बसतात. आरशात बघत राहतात. एकदा मी चहा घेऊन गेले, तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सगळ्यांना दिसती गं. मलाच न्हाय."

*

आज स्क्रीनवाले आलेत. स्क्रीनवर अक्षरं दिसली की तक्ता नको आणि आरसाही नको. तो काढायच्या आधी मामा म्हणाले, "माझे डोळे तपास."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं माणूस ओळखू येत नाही. मी सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरावर सुई ठेवली.

मामांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. सावकाश, एकेक अक्षर, कुणीतरी बोट ठेवून दाखवावं तशी.

मी म्हणाले, "मामा, मी वरचं दाखवतेय."

"व्हय," ते म्हणाले. "तू जरा बाहेर बस."

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. आरसा राहू द्या, स्क्रीन बाहेरच्या भिंतीला लावा, असं त्यांनी सांगितलं. आता ते माझ्यासमोर शिडी धरून उभे आहेत. स्क्रीनवाला शिडीवर आहे. आतल्या खोलीत कुणीच नाही. सुई माझ्याकडंच राहिलीय. ती आत ठेवून यायला हवी, पण मला एकटीला

"चिमणे, सुई आण गं."

मामांनी शिडी सोडून आत बघितलं. म्हणजे त्यांनाही