मार्चवाली मौसी

मार्च लागला की माझी बायको घाबरायची. लोक दिल्लीच्या उन्हाला घाबरतात, ही एकतीस तारखेला. आर. के. पुरमच्या आमच्या गल्लीत तिचं नावच पडलं होतं, मार्चवाली मौसी.

मी चौथी शिकलेला, जन्मभर सरकारी गाडी चालवली. पण वर्षअखेरीला उरलेला पैसा परत जातो, एवढं मलाही कळतं. म्हणून मार्चमध्ये धडधाकट फुटपाथ उखडून नवा घालतात. आणि एप्रिलमध्ये सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर ऐकायला मिळतं, "माताजी, बजट नहीं आया." हिच्या हृदयाच्या महागड्या गोळ्या त्याच खिडकीवर मिळायच्या.

एकदा ती फुटपाथ खोदणाऱ्यांच्या साहेबापुढं जाऊन उभी राहिली. "भैया, इस फुटपाथ को कौन सी बीमारी है?"

तो हसला. "मौसी, पैसा लैप्स हो जाएगा."

"तो थोड़ा गोलियों में डाल दो."

"वो हेड अलग है."

हेड म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं; एकाचा पैसा दुसऱ्याला चालत नाही. तो शब्द ती घरी घेऊन आली. मी चहात जास्त साखर मागितली की म्हणायची, "अहो, ते हेड वेगळं आहे."

दवाखान्याला औषधं पुरवणारा केमिस्ट आमच्या ओळखीचा. एका एप्रिलमध्ये त्यानं पुरवठा थांबवला. हिनं विचारलं तर म्हणाला, "मौसी, बिल बनाया तो टैक्स मैंने जेब से भर दिया. सरकार का पैसा आया ही नहीं. माल कहाँ से लाऊँ?" घरी येऊन ती पायरीवरच बसली. "दुकानदारच घाबरलाय हो. मग आपलं काय?"

मी म्हटलं, बाहेरून विकत घेऊ. कपाटात नातीच्या फीचे पैसे होते.

"त्याला हात लावायचा नाही. ते हेड वेगळं आहे. माझ्याकडे आहेत गोळ्या."

होत्या. पण ती अर्धी अर्धी करून घेत होती. कणीक मळताना तिचा हात परातीतच थांबला. ती गेल्यावर डबी उघडली, तेव्हा आत नुसती अर्धुकं.

सरकारनं तिला मारलं असं मी म्हणत नाही. घाबरवलं मात्र सरकारनंच.

आता तीच गोळी मला लागते. दवाखान्यासमोर परवा नव्या फरश्यांचा ढीग येऊन पडलाय. खिडकीवर विचारलं, "एप्रिल में मिलेगी?" आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "देखते हैं, बाबा."

गोळी तोडणार नाही, असं नातीला कबूल केलंय. पण हातात घेतली की नख मधल्या रेघेवर जातंच.