पोच्यावरचा शेंदूर

पौषातली सकाळ. पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीवर दव पडलं होतं, म्हणून ठसका नव्हता. उन्हं वर आली की सगळं नंदुरबार शिंकणार. करणसिंग मिस्त्रीच्या कारखान्यात जालमसिंग गोणपाट टाकून मोटारीखाली उताणा पडला होता.

लढाईच्या सालांत पेट्रोल मिळेना, म्हणून ही मोटार चार वर्षं विटांवर उभी होती. आता कापसाच्या एका जिनवाल्या शेठनं ती विकत घेतली होती आणि त्याला ती नव्यासारखी हवी होती. इंजिन कप्पीनं उचलून बाजूला ठेवलेलं. राहिले होते चाक आणि इंजिनाच्या मधले दोन पत्रे, चिखल अडवणारे. कालपासून रॉकेल पाजलेले बोल्ट कुरकुरत सुटले. उजवा पत्रा निघाला. डावा निघाला, तो जालमसिंगनं मांडीवर घेतला आणि तसाच बसून राहिला.

पत्र्याला ताटलीएवढा खोलगट पोचा होता.

जालमसिंग तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. पंधरा वर्षांपूर्वी एका साहेबाच्या शिकारीत तो आणि थोरला भाऊ आमशा रान उठवायला हाकारे म्हणून गेले होते. वाघ निघालाच नाही. परतताना उतारावर मोटार घसरली, पुढं चालणारा आमशा चाकाखाली आला. मोटार उचलायला ज्यांनी खांदा लावला त्यांत जालमसिंग होता. हीच मोटार, आणि पोचा त्याच धक्क्याचा. बाहेरचा पत्रा साहेबानं सरळ करून घेतला. आतला कोण बघतो?

मेलेल्याच्या नावानं दगड बसवायची पाड्याची रीत, पण आमशाचा दगड उभा राहिला नाही. आई नानीबाई अडून बसली. वाघानं माणूस नेला तर वाघदेवाला शेंदूर लावायचा, त्याच्यावर रागवायचं, मग दगड बसवायचा. "मोटारीचा देव कुठला? मी कोणावर रागवू?" तिचं एवढंच म्हणणं. त्याच वर्षी जालमसिंग खाली उतरला आणि मोटारीच्या कामाला लागला. का, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

चिंचेच्या पाण्यानं त्यानं गंज घासून काढला, काचकागद फिरवला. मग जवसाच्या तेलात शेंदूर कालवला. काळ्या रंगाखाली हाच हात देतात, गंज धरत नाही. कुंचला बाजूला पडला होता. तो बोटानं लावत होता.

"अरे येडा!" करणसिंग ओरडला. "पोचा काढाना आधी शेंदूर? आते ठोकशी तं सगळा उडी जाई. पंधरा वरीसमा हाईच शिकना का? मोटारले देव बठाडी ऱ्हायना का तू?"

"हा," जालमसिंग म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. "तीन दिन ऱ्हाऊ द्या तसाच, मिस्तरी. मन्ही मायले दखाडनं शे."

करणसिंगनं टोपी काढली, परत घातली.

बाजाराला आलेल्या पाड्यावरच्या माणसांसोबत निरोप गेला. दुसऱ्याच दिवशी शेठचा ड्रायव्हर दारात उभा.

"सुरतथीन बोल्ट येवाना शे," करणसिंग म्हणाला.

"कालदिन तं बोल्टनं नाव बी नव्हतं! बोल्ट काय पायी येई ऱ्हायना का?"

"हा. पायीच."

तिसऱ्या दिवशी नानीबाई आली, धुळीनं पांढऱ्या पायांची. भिंतीला टेकवलेल्या पत्र्यासमोर उकिडवी बसली. मूठभर ज्वारी ठेवली, मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सोडले आणि पोच्यात तळवा घातला. बराच वेळ. मग पत्र्याची कड चिमटीत धरून पाहिली.

"इतका पातळ?" ती आपल्या बोलीत म्हणाली.

"हो, आई."

"वाघ बरा. त्याला डोळे तरी असतात. याच्यावर काय रागवायचं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "दगड बसवू. होळीच्या आधी. तू कर तुझं काम."

करणसिंगनं तिला उन्हात पोतं टाकून दिलं. जालमसिंगनं शेंदूर खरवडला, पत्र्याखाली वाळूची पिशवी घेतली आणि लाकडी हातोड्यानं मागून ठोकायला लागला. पोचा हळूहळू वर आला. नानीबाई भाकरी हातात धरून प्रत्येक घाव ऐकत होती. शेवटचा घाव पडला तेव्हा तिनं पहिला घास मोडला.

जालमसिंगनं पत्र्यावर हात फिरवला. काही लागलं नाही. या वेळी त्यानं कुंचला घेतला, शेंदराचा सपाट हात दिला, पत्रा वाळायला टांगला. मग डब्यात रॉकेल ओतलं आणि सुटलेले बोल्ट धुवायला बसला.