अक्काचं कोपर आणि नातीची पैंजणं

हुपरीत उतरले ती भांडायच्या तयारीनंच. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन इथं आल्यापासून घरी बसून चांदीची पैंजणं जोडते. नातीचं बारसं तोंडावर आलेलं, तिची पैंजणं करायची राहिलेली, आणि हिला उजव्या हातानं चहाचा कप उचलेना. फोनवर मात्र एकच पालुपद, "काय न्हाय गं, बरं हाय." तिला कोल्हापूरला दाखवल्याशिवाय नाशिकला परतायचं नाही, असं मी ठरवूनच आले होते.

सकाळी एसटी पकडली. दोन्हीकडे ऊस. अक्कानं कोपर पोटाशी धरलेलं. मागच्या सीटवरच्या आजोबांनी चौकशी केली आणि उपायही सांगून टाकला, "पावणं, तालमीत न्या की. रगडून घेतलं की हात मोकळा." अक्का खिडकीबाहेर बघू लागली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिचा पैलवान पुतण्या रोज तेल लावून कोपर रगडत होता आणि बाईसाहेब दातओठ खाऊन सोसत होत्या. मी कपाळावर हात मारला.

कोल्हापूरच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट मुलीनं आधी अक्काला काम कसं करते ते दाखवायला सांगितलं. अक्कानं पिशवीतून चक्क पक्कड काढली. पक्कडीची मूठ बारीक, मनगट मागे वळलेलं, पकड घट्ट. मुलगी म्हणाली, मनगट उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. दिवसभर तेच काम केलं की तो जोड दुखावतो. त्यात जोरानं रगडलं की आणखी चिडतो. पण हात बांधून नुसतं बसायचंही नाही. उजवा हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत पाण्याची छोटी बाटली. डाव्या हातानं ती वर न्यायची आणि उजव्यानं सावकाश खाली सोडायची. थोडं दुखेल, पण दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर वजन कमी करायचं. काही महिने लागतील.

"आणि नातीची पैंजणं?" पक्कड पिशवीत ठेवता ठेवता अक्कानं विचारलं.

"करा, पण पक्कडीच्या मुठीला जाड कापड गुंडाळा, मनगट सरळ ठेवा आणि मधे मधे थांबा. बारशापर्यंत होतीलच असं मात्र धरून बसू नका."

खानावळीत जेवताना अक्कानं डाव्या हातानं पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलली आणि निम्मा रस्सा माझ्या साडीवर ओतला. ते बघून दोघींनाही हसू फुटलं.

घरी पुतण्या तेलाची बाटली घेऊन तयारच होता. अक्कानं त्याला परत पाठवलं आणि स्वतः पाण्याची बाटली भरून टेबलाशी बसली.

दुसऱ्या दिवशी निघताना मी भीतभीतच विचारलं, बारशाला पैंजणं झाली नाहीत तर वाईट वाटेल का?

बाटली सावकाश खाली सोडत ती म्हणाली, "वाटंल की. पर बारशाला ती पाळण्यातच असणार. पैंजण वाजायचं ते पोरगी चालाय लागल्यावर. तवर माझा हात बरा हुतोय."

एसटीत बसले. हट्ट आमच्या घराण्यातच आहे. अक्काचा आजवर सोसण्यात खर्ची पडत होता, आता तो बरं होण्याच्या कामी लागला होता.